खेळ आणि पोटापाणी : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत खेळाडू कमी आहेत. खेळाच्या आजूबाजूला काम शोधणारे, जागा असलेले आणि स्पर्धा भरवणारे जास्त आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जिल्हा पातळीपर्यंत खो-खो खेळलो, पुढं जमलं नाही. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स करावा असं मनात आहे. फी काही लाखांत जाते, वडील कर्ज काढायला तयार आहेत. कोर्स केला की आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या संघात नोकरी लागते का? (सांगली)

उत्तर : लागते, पण ती नोकरी कसली असते ते आधी बघा आणि मगच वडिलांना बँकेत पाठवा. आयपीएल साधारण दोन महिने चालते, प्रो कबड्डीचा हंगाम दोन-तीन. संघाच्या कचेरीत बारमाही पगारावर असलेली माणसं मोजकीच असतात. बाकीचे हंगाम सुरू व्हायच्या काही आठवडे आधी करारावर घेतले जातात आणि शेवटचं सामान गोदामात गेलं की मोकळे होतात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात छापलेला असतो. तो पैसा क्रिकेट मंडळ आणि संघमालकांकडे जातो. त्यावरून गळ्यात ओळखपत्र अडकवून धावणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या पगाराचा अंदाज बांधू नका.

काम काय असतं? ऑपरेशन्स धरा. तीस जणांचा ताफा पुण्याहून जयपूरला न्यायचा आहे. देशांतर्गत विमानात माणशी साधारण १५ किलो सामान फुकट जातं, किटबॅगा त्यात बसत नाहीत. म्हणजे जादा सामान आधीच नोंदवायचं. हॉटेलात कोण कोणाबरोबर राहणार त्याची यादी आदल्या रात्री पाठवायची. फिजिओच्या खोलीत टेबल आणि बर्फ हवा. शाकाहारी किती, जैन किती. बस किती वाजता दाराशी आणि सरावाला किती वाजता मैदानात. मग ऐनवेळी एक खेळाडू जखमी होतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि ही सगळी यादी पुन्हा लिहावी लागते. नव्वद टक्के काम एक्सेल आणि फोनवर होतं. सामना बघायला मिळत नाही म्हटलं तरी चालेल. दुसरी बाजू विक्रीची : प्रायोजक, तिकिटं, हॉस्पिटॅलिटी बॉक्स. तिथं माणसं सतत लागतात, कारण फार जणांना ते काम झेपत नाही. महिन्याला चाळीस दारं ठोठावायची तयारी असेल, तर या धंद्यात सर्वांत लवकर बस्तान तिथंच बसतं.

कोर्सबद्दल. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० साली सुरू केलेली संस्था आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं क्रीडाविज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय आहे, इतरही आहेत. कुठंही जा, प्रवेशाआधी या गोष्टी लेखी मागा : मागच्या तुकडीतले किती जण आज, म्हणजे कोर्स संपून वर्ष झाल्यावर, याच क्षेत्रात आहेत, त्यांतले पगारी किती आणि तीन महिन्यांच्या इंटर्नशिपवर किती, आणि ‘प्लेसमेंट’ या शब्दात ते विनावेतन काम धरतात का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर तिथून उठा.

आमचा सल्ला : यंदा कर्ज नको. तुम्ही कॉमर्सचे आहात हीच तुमची जमेची बाजू आहे. प्रत्येक स्पर्धेनंतर मंडपवाला, बसवाला, केटरर, पंच यांची बिलं, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर), जीएसटी, ॲडव्हान्सचा हिशेब महिनोन्महिने रेंगाळतो. हे काम येणारा आणि खेळ कळणारा माणूस संघांना सापडत नाही. टॅली पक्कं करा. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत वर्षभर राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा चालू असतात, तिथं दोन स्पर्धांना स्वयंसेवक म्हणून जा, पण गेटवर उभं राहायचं काम घेऊ नका. निवास किंवा हिशेब मागून घ्या. खो-खो संघटनेतल्या ओळखी इथं कामी येतील. त्यानंतरही कोर्स करावासा वाटला तर शिकताना काय विचारायचं हे तरी तुम्हाला कळेल.

एक धोका ध्यानात ठेवा. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) चालवणारी कंपनी यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार वेळेत झाला नाही, म्हणून दर सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम अडकला. काही क्लबांनी पहिल्या संघाचं काम आणि पगार थांबवले. लीग कितीही मोठी असली तरी ती एका करारावर उभी असते.

प्रश्न : चाकणजवळ रस्त्याला लागून १५ गुंठे आहेत. बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलसाठी टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, दोन वर्षांत पैसे वसूल. खरं आहे का? (खेड, जि. पुणे)

उत्तर : ठेकेदाराचे पैसे दोन महिन्यांत वसूल होतात, हे नक्की. तुमचं बघू.

आधी जागा. १०० फूट बाय ६० फूट म्हणजे ६,००० चौरस फूट, साडेपाच गुंठे. उरलेल्यात पार्किंग, स्वच्छतागृह आणि बसायची जागा आरामात होते. पार्किंगला कंजूषपणा करू नका. दोन संघ म्हणजे पंधरावीस दुचाकी, आणि पुढच्या तासाचे पंधरावीस जण आधीच येऊन थांबलेले. सातबारा शेतीचा असेल तर अकृषिक वापरासाठी सध्या काय लागतं आणि तुमच्या गावाला नियोजन प्राधिकरण कोणतं, ते तहसील कचेरीत विचारून घ्या आणि कागद हातात आल्याशिवाय मुरूम टाकू नका. वीजजोडणी व्यावसायिक घ्या. घराच्या मीटरवर दिवे लावून धंदा केला तर महावितरणचं पथक एक दिवस येतंच.

आता बांधकाम. टर्फ बिघडतो तो गवतामुळे नाही, खालच्या थरामुळे. माती उकरून मुरूम आणि खडीचे थर टाकायचे, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. मधोमध उंची ठेवून दोन्ही बाजूंना १ टक्का ढाळ द्यायचा. ६० फुटांच्या रुंदीत मध्यापासून कडेपर्यंत ३० फूट, म्हणजे कडेला साधारण साडेतीन इंच उतार. कडेने गटार. ठेकेदार घाईत असेल तर तो दाबाईत वेळ वाचवतो आणि पहिल्या पावसाळ्यात जमीन खचून डबकी दिसतात. गवत घालण्याआधी टँकरभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने कुठं साचलंय ते खडूने आखा. यासाठी ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

गवताचे रोल साधारण १३ फूट रुंद येतात, त्यामुळे ६० फुटांत पाच रोल आणि चार सांधे. सांधा कुठं येतो ते कागदावर काढून घ्या. फलंदाज उभा राहतो तिथं आणि गोलंदाजाच्या पायाखाली सांधा येता कामा नये, तो सहा महिन्यांत उघडतो. निव्वळ फुटबॉलला ५० मिलिमीटर उंचीचं गवत चांगलं. क्रिकेटला त्यावर चेंडू मरतो. दोन्ही खेळ करायचे असतील तर ४० च्या आसपास घ्या. सिलिका वाळू चौरस मीटरला १५ किलो धरली तरी तुमच्या टर्फला आठ टनांहून जास्त वाळू लागते. पोती मोजून घ्या. वाळू कमी पडली की धागे आडवे होतात आणि एकदा आडवे झालेले धागे ब्रशने उभे राहत नाहीत. दिव्यांचे खांब लांब बाजूंना ठेवा, आखूड बाजूला लावले तर फलंदाजाच्या डोळ्यांवर झोत येतो आणि गिऱ्हाईक एकदा खेळून पुन्हा येत नाही. वरची जाळी विसरू नका, शेजाऱ्याच्या छतावरचे पत्रे महाग पडतात.

हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागाचे घालून पुन्हा मांडा. समजा कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते १० हे चार तास विकले जातात, तासाला १,००० रुपये, महिन्याचे २२ दिवस, आणि त्यांतले ६० टक्के भरतात : ५२,८०० रुपये. शनिवार-रविवारचे ८ दिवस, दिवसाला ८ तास, दर १,२००, भरणा ८० टक्के : ६१,४४०. मिळून १,१४,२४०. यातून दोन माणसांचा पगार ३०,०००. दोनशे वॅटचे १६ दिवे रोज ५ तास म्हणजे महिन्याला ४८० युनिट, १५ रुपयांनी ७,२००. पाणी, जाळीची दुरुस्ती, चेंडू, सीसीटीव्ही, इंटरनेट १०,०००. राहिले ६७,०४०. वीस लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४३,५०० च्या घरात. गवत पाच-सहा वर्षांत बदलावं लागतं, त्यासाठी महिन्याला ८,००० बाजूला. हातात साडेपंधरा हजार. आणि हा चांगला महिना झाला. जुलैत क्रिकेटवाले निम्मे येत नाहीत, फुटबॉलवाले थोडा भार उचलतात.

म्हणजे धंदा वाईट नाही, पण दोन वर्षांत वसुली होत नाही. वाढ करायची तर दिवसाचे रिकामे तास भरा : सकाळी ६ ते ९ मुलांच्या बॅच, दुपारी शाळा, आणि चाकणच्या कंपन्यांच्या आंतरविभागीय स्पर्धा. कारखान्याची शिफ्ट दुपारी सुटते, पुण्यातल्या टर्फवाल्याला हे गिऱ्हाईक मिळत नाही. तुमचा फायदा तिथं आहे.

शेजारी घरं असतील तर निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मध्यरात्रीचे तास विकून वाढलेलं उत्पन्न एका तक्रारीत बंद होतं, त्यामुळे हिशेबात ते धरूच नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. दुसरा टर्फ टाकलात की ती सीमा ओलांडाल.

आणि पैसे गुंतवण्याआधी चार आठवडे एक काम करा. पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक टर्फवर बुधवारी रात्री ८ ला आणि रविवारी सकाळी ७ ला जाऊन नुसतं बघा, कोणी खेळतंय का. ॲपवर ‘बुक्ड’ दिसतं त्यावर जाऊ नका. मालकाने स्वतः अडवून ठेवलेले तासही तसेच दिसतात.

प्रश्न : एका अकादमीत बॅडमिंटन शिकवतो. दर महिन्याला १० टक्के कापून पैसे देतात, सांगतात टीडीएस. मी तर कर भरण्याइतका कमावतही नाही. (ठाणे)

उत्तर : कापणं चूक नाही. खेळाडू, पंच, प्रशिक्षक, ट्रेनर, संघाचे डॉक्टर आणि फिजिओ, समालोचक, एवढंच काय क्रीडास्तंभ लिहिणारेसुद्धा, यांचं मानधन टीडीएससाठी व्यावसायिक फी धरायचं अशी केंद्राची २००८ ची अधिसूचना आहे. पण कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा झालाय का, ते प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला बघा. दिसत नसेल तर अकादमीने कापला आणि भरला नाही. अशा वेळी टीडीएसचं प्रमाणपत्र लेखी मागा. जमा झालेला असेल तर विवरणपत्र भरा, कर लागत नसेल तर सगळा परत मिळतो. अनेक प्रशिक्षक विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

प्रश्न : संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलंय. क्रिकेट आणि कबड्डी दोन्ही कळतात. परफॉर्मन्स ॲनालिस्ट (नोंदी आणि चित्रफितींवरून संघाला खेळ समजावणारी) व्हायचंय. मुलींना घेतात का? सुरुवात कुठून? (नाशिक)

उत्तर : घेतात. २०२३ पासून महिलांची प्रीमियर लीग आहे आणि राज्य संघांच्या महिला वयोगटांतही हे काम वाढलं आहे. सुरुवात मात्र वहीपासून करा.

क्रिकेटसाठी पहिली पायरी गुणलेखकाची (स्कोअररची). नाशिक महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत येतं. राज्य संघटना गुणलेखकांची परीक्षा घेतात, त्यात पास झालात की निमंत्रितांच्या सामन्यांपासून सुरुवात होते. पुढं बीसीसीआयची परीक्षा. ती जाहीर होते तेव्हाच कळते, म्हणून जिल्हा संघटनेत नाव नोंदवून ठेवा. परीक्षेत काय विचारतात, त्याचा मासला : नो-बॉल पडला, बॅटला न लागता चेंडू यष्टिरक्षकाला चकवून सीमेपार गेला. पाच धावा झाल्या. कुठं लिहाल? एक नो-बॉलची, ती गोलंदाजाच्या खात्यात. चार बाईज, त्या गोलंदाजाच्या खात्यात नाहीत. २०१७ च्या नियमावलीपूर्वी पाचही नो-बॉलच्या रकान्यात जात, त्यामुळे जुने लोक आजही इथं चुकतात. तोच चेंडू वाइड असता तर पाचही वाइड आणि पाचही गोलंदाजाच्या माथी. पंचाने खूण केली की हात उंचावून पोच द्यायची आणि शेजारच्या गुणलेखकाशी प्रत्येक षटकाला मेळ घालायचा. मेळ एकदा सुटला की चहापानापर्यंत चूक सापडत नाही आणि मग सगळे तुमच्याकडे बघतात.

ही शिस्त हाताला लागली की ॲनालिस्टचं निम्मं काम आलं. उरलेलं : खेळपट्टीच्या सरळ रेषेत, गोलंदाजाच्या मागे उंचावर कॅमेरा लावणं, प्रत्येक चेंडूला टप्पा, दिशा, फटका आणि निकाल असे शेरे लावणं, आणि रात्री प्रशिक्षकाला तीन मिनिटांची चित्रफीत देणं. तीनच मिनिटं. चाळीस मिनिटांची फीत कुणी बघत नाही. आणि प्रशिक्षक आलेख मागत नाही, तो ‘उद्या याला पहिल्या सहा षटकांत काय टाकू?’ असं विचारतो.

कबड्डीत शिरकाव सोपा आहे, कारण अजून गर्दी नाही. हिशेब बघा : सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे सगळ्या चढाया पूर्ण वेळ घेतल्या तर ८०. वेळेआधी संपणाऱ्या चढायांमुळे आकडा थोडा वाढतो. तरी एका सामन्याच्या शंभराच्या आसपासच ओळी झाल्या, क्रिकेटच्या मानाने अगदी आटोक्यात. प्रत्येक ओळीत : घड्याळ, चढाईपटू, डावीकडून गेला की उजवीकडून, आधीच्या किती चढाया रिकाम्या गेल्या, समोर किती जण, बोनस घेतला का, पहिला हात कोणी घातला, पकड कोपरारक्षकाची की मध्यरक्षकाची, आणि निकाल. समोर सहा किंवा सात असतील तरच बोनस मिळतो आणि तीन किंवा कमी असताना पकड झाली तर जादा गुण, म्हणून ‘समोर किती’ हा रकाना कधी रिकामा ठेवू नका. नवख्या माणसाला एका सामन्याला चार-पाच तास लागतात. दहा सामने असे करा आणि एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ, अमुक चढाईपटू तिसऱ्या, म्हणजे ‘करो या मरो’च्या चढाईत कोणत्या कोपऱ्याकडे जातो? उत्तर एका पानात, दोन चित्रफितींसह. हे एक पान घेऊन जिल्हा संघाच्या प्रशिक्षकाकडे जा, फुकट द्या, आणि पुढच्या सामन्यात ते खरं ठरलं का ते नोंदवा. खोटं ठरलं तर तेही लिहून ठेवा. नोकरी देणारा ते पान आधी बघतो.

क्रिकेटच्या सरावासाठी क्रिकशीट नावाच्या संकेतस्थळावर चेंडूगणिक माहिती मोफत मिळते. पायथॉन किंवा आर, या दोन संगणकभाषांपैकी एक पुरे. महागडं सॉफ्टवेअर संघ स्वतः देतो, ते शिकायला पंधरा दिवस लागतात, त्याच्या प्रमाणपत्रावर आत्ताच पैसे घालवू नका.

प्रश्न : कुस्तीत राज्य पदक आहे, बी.ए. झालोय. बी.पी.एड. करू की पतियाळाला एनआयएस? (कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर : वस्तादाला प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, सरकारी फाईल मात्र विचारते. दोन्ही कागदांचे दरवाजे वेगळे आहेत. बी.पी.एड. शाळेत क्रीडाशिक्षक होण्यासाठी. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एक वर्षाचा डिप्लोमा प्रशिक्षक किंवा क्रीडा मार्गदर्शक होण्यासाठी. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही आहे, तो डिप्लोम्याला पर्याय नाही. अकादमीवाले पुष्कळदा ‘एनआयएस कोच’ अशी पाटी लावतात ती या सहा आठवड्यांवर. शाळेची नोकरी हवी असेल तर आधी बी.पी.एड., मॅटवर राहायचं असेल तर पतियाळा. कुस्तीत शरीर साथ देतंय तोवर पतियाळा आधी, हे आमचं मत. जिल्हा क्रीडा अधिकारी व्हायचं मनात असेल तर ते पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात, तिथली अर्हता जाहिरातीत ओळ न् ओळ वाचा.

तुमच्या पदकाला आणखी एक किंमत आहे : राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण. नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकला तेव्हा तो रेल्वेच्या नोकरीत होता. अशा नोकऱ्यांवरच महाराष्ट्रातले कितीतरी खेळाडू उभे आहेत. पण राज्य सेवेतल्या आरक्षणासाठी प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तिथं बारकाईने बघतात : स्पर्धा अधिकृत होती का, संघटना मान्यताप्राप्त होती का, वजनगटात किती जण उतरले होते. प्रवेशिका, निकालपत्रक, संघाची यादी आजच गोळा करा. जाहिरात आल्यावर पडताळणीला धावणाऱ्यांची मुदत हुकते. आणि आरक्षण कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीच्या पदकावर मिळतं, तेही त्याच कचेरीत विचारा.

प्रश्न : आमचं मंडळ दरवर्षी मॅटवर कबड्डी स्पर्धा भरवतं. पुढारी बॅनर लावतात, पैसे देत नाहीत. खरा प्रायोजक कसा मिळवायचा? (रोहा, जि. रायगड)

उत्तर : ‘सढळ हस्ते मदत करावी’ हे पत्र फेकून द्या. कंपनीचा माणूस मदत करायला बसलेला नाही, त्याच्याकडे जाहिरातीचं बजेट आहे आणि त्याला ते कुठं तरी खर्चायचं आहे. त्याला काय मिळणार ते मोजून लिहा. १३ बाय १० मीटरचं मॅट, त्याच्या कडेने किती बॅनर, कोणत्या मापाचे, त्यांतले कॅमेऱ्यात किती येतात. किती सामने, किती रात्री. निवेदक एका सामन्यात किती वेळा नाव घेईल. यूट्यूबवर मागच्या वर्षी एका वेळी जास्तीत जास्त किती जण बघत होते, त्याचा स्क्रीनशॉट. प्रेक्षक किती, तेही खुर्च्या आणि गॅलरीच्या पायऱ्या मोजून, ‘हजारोंच्या संख्येने’ असं लिहून नाही. मग तीन दर : शीर्षक प्रायोजक एकच, सहप्रायोजक तीन, बाकी फलक. एकाच धंद्यातले दोन जण घेऊ नका. दोन सिमेंटवाल्यांचे फलक शेजारीशेजारी लागले तर पुढच्या वर्षी दोन्ही येत नाहीत.

करार एका पानाचा, पण लेखी. निम्मी रक्कम आधी, उरलेली पहिल्या रात्रीपूर्वी, मंडळाच्या नावच्या खात्यात. रोख नाही. फलक पैसे आल्यावर छापायचा, पुढाऱ्याचाही. हे सांगायला अवघड जातं, म्हणून ठराव करून ठेवा आणि ठरावाकडे बोट दाखवा. मंडळ नोंदणीकृत हवं आणि पॅन मंडळाचं, अध्यक्षाचं नव्हे. फलकाच्या बदल्यात घेतलेली रक्कम देणगी होत नाही, त्यावर ८०-जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती फाडू नका. मंडळ कंपनी नसेल आणि प्रायोजक कंपनी असेल, तर प्रायोजकत्वावरचा जीएसटी भरायची जबाबदारी साधारणपणे प्रायोजकावर येते. सीएला विचारून ती ओळ करारात टाका, नंतरचा वाद टळतो.

ऑनलाइन पैशांच्या खेळांचे ॲपवाले स्वतःहून पैसे घेऊन येत असत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने अशा खेळांवरच बंदी घातली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन हे असंच ॲप त्यानंतरच गेलं. गावातल्या मॅटच्या कडेचा फलकही जाहिरातच असतो.

खर्चाच्या बाजूला तीन गोष्टींत कपात करू नका : जिल्हा संघटनेची मान्यता (नसली तर चांगले संघ खेळाडूंवर कारवाई होईल म्हणून येत नाहीत), मैदानात उभी रुग्णवाहिका, आणि तात्पुरत्या गॅलरीची अभियंत्याकडून तपासणी. बल्ल्यांची गॅलरी अंतिम सामन्यालाच कोसळते, कारण तिच्यावर तेव्हाच सर्वाधिक भार येतो. बक्षिसाची रक्कम पहिली चढाई पडण्याआधी खात्यात असू द्या. स्पर्धा झाली की आठ दिवसांत प्रायोजकाला दहा फोटो, प्रेक्षकसंख्या आणि वृत्तपत्रांची कात्रणं पाठवा. हे फार थोडी मंडळं करतात.

प्रश्न : फुटबॉलपटूंचा एजंट व्हायचं आहे. वकिलीची पदवी लागते का? (मडगाव)

उत्तर : नाही, फिफाचा परवाना लागतो. परीक्षा २०२३ पासून पुन्हा सुरू झाली आहे : २० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटं, नियमपुस्तक उघडून बघायची मुभा, पास व्हायला ७५ टक्के म्हणजे १५ बरोबर. पुस्तक उघडं असूनही पुष्कळ नापास होतात, कारण एका प्रश्नाला तीन मिनिटं येतात आणि कोणतं कलम कुठल्या पानावर आहे हे आधीच माहीत असावं लागतं. कलमांच्या क्रमांकांची स्वतःची अनुक्रमणिका बनवा. परवाना मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते : गोव्यात खेळाडू पुष्कळ, चांगल्या पैशाचे करार थोडे, आणि एजंटाचं उत्पन्न म्हणजे त्या करारातला छोटा हिस्सा. अल्पवयीन खेळाडूंकडे जाताना फिफाच्या वेगळ्या अटी आहेत, त्या न वाचता कुठल्याही आईवडिलांकडून सही घेऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं क्लबच्या कचेरीत खेळाडू नोंदणीचं काम मिळालं तर ते घ्या. करार कुठं फसतात ते त्या टेबलावर दिसतं.